किल्ली देताना

बसा. पाठ टेकलीत तरी चालेल.

गाडीची किल्ली हातात घ्या. दाराजवळच्या खुंटीवर असेल तर उठून आणा. घाई नाही.

तळहातावर ठेवा. मूठ मिटू नका. नुसती राहू द्या.

बघा तिच्याकडे. धातू आधी गार लागतो, मग हळूहळू हाताइतका कोमट होतो. अंगठ्याच्या जागी काळं प्लॅस्टिक गुळगुळीत झालंय. खाचेत थोडा मळ आहे. कीचेनवरचा विठोबा इतका झिजलाय, की कमरेवरचे हात तेवढे ओळखू येतात.

श्वास घ्या. सोडा.

आता दारात मित्र उभा आहे. एकाच मित्राचा चेहरा डोळ्यांपुढे आणा. तो चप्पल न काढता उंबऱ्यापाशीच थांबलाय. म्हणतो, “तासाभरासाठी गाडी देतोस का रे? आईला दवाखान्यात न्यायचंय.”

लगेच उत्तर देऊ नका.

मागणं त्यालाही जड गेलंय. ऐका, शेवटचे शब्द किती हळू आले.

आता आत बघा. छातीत काहीतरी आवळतं. आवळू द्या. हप्ते आठवतात. टाकीवरचा तो ओरखडा, कुणी पाडला ते आजवर न कळलेला, तोही आठवतो. या भीतीला चिक्कूपणा म्हणू नका. भीती खरी आहे. तिला शेजारी बसू द्या.

कागदही आठवू द्या. आरसी तुमच्या नावावर आहे. 1988च्या मोटार वाहन कायद्यानुसार लायसन्स नसलेल्याच्या हाती गाडी दिली तर मालकही दोषी ठरतो. 2019च्या दुरुस्तीने त्याचा दंड 1000 रुपयांवरून 5000 झाला. तीन महिन्यांपर्यंत कैदही होऊ शकते.

“लायसन्स आहे ना जवळ?” जुन्या मित्राला हे विचारणं जिवावर येतं. मनातल्या मनात विचारून बघा. पुन्हा विचारा, आणखी मऊ आवाजात. काळजी ऐकू येते का त्यात?

किल्ली अजून तळहातावरच आहे. वजन जाणवतंय?

आता उंबऱ्याबाहेर या. मित्राच्या जागी उभे राहा.

ज्या गाडीवर तो आईला बसवणार आहे, ती त्याच्या सवयीची नाही. मागचा ब्रेक लांब लागतो, हे तुमच्या पायाला ठाऊक. त्याच्या पायाला नाही. पेट्रोलचा काटा खोटं दाखवतो. स्टँड पूर्ण वर जात नाही, आणि डावीकडे वळताना खाली घासलं तर गाडी आडवी होऊ शकते.

तो यातलं काहीच विचारणार नाही. मागून आणलेल्या गाडीत खोट काढायची नसते, असं त्याला वाटतं. तो किल्ली घेईल आणि निघेल.

इथे थांबा. बराच वेळ थांबा.

इतका वेळ वाटत होतं, विश्वास आपण टाकतोय. तुमची गाडी जातेय. त्याची तर आईच मागे बसलीय.

श्वास घ्या. सोडा. मग बोला, सावकाश.

“मागचा ब्रेक लांब लागतो, जरा आधीच दाब. स्टँड हाताने वर कर. काट्यावर जाऊ नकोस, नाक्यावर पेट्रोल टाक. हेल्मेट दोन्ही ने, काकूंनाही घाल.”

स्वतःचा आवाज ऐका. छातीतलं ते आवळणं आता कुठे आहे, बघा. तिथेच असेल. असू दे.

किल्ली द्या. लांबून टाकू नका, हातात द्या. त्याची बोटं तळहाताला लागतात.

जिन्यावर पावलं. सेल्फ लागत नाही, मग किक. एकदा, दोनदा. इंजिन धरतं. गाडी तुमचीच, पण गिअर वेगळ्या हिसक्याने पडतो. आवाज वळणापर्यंत जातो. मग कुणाच्या तरी कुकरची शिट्टी.

फोनकडे हात जाईल. “पोचलास का?” विचारावंसं वाटेल. तो आत्ता रस्त्यावर आहे. हात मांडीवर ठेवा.

डोळे मिटून बसायचं असेल तितका वेळ बसा.

आणि उठलात की खाली पार्किंगमध्ये जा. मागचा ब्रेक दाबून बघा, स्टँडची स्प्रिंग बघा, विम्याची तारीख बघा. दुरुस्ती याच आठवड्यात करून घ्या. गाडी मागायला कुणी दारात येईल, त्याच्या आधी.