कडी आतून लावलेली असताना

राम गोपाल वर्मा यांच्या 'कौन?' या 1999 सालच्या चित्रपटात एकही गाणं नाही. जेमतेम दीड तासाची लांबी, तीन पात्रं आणि एक घर. बाहेर पाऊस कोसळतोय, घरात ऊर्मिला मातोंडकर एकटी आहे, टीव्हीवर मोकाट सुटलेल्या खुन्याची बातमी चालू आहे आणि दारावरची बेल वाजते. बाहेर मनोज बाजपेयी. त्याला कुणा मल्होत्रांना भेटायचंय. इथे मल्होत्रा नावाचं कोणी राहत नाही, असं ती सांगते. तो जात नाही. हसतो, आर्जवं करतो, पुन्हा बेल दाबतो, पावसात भिजतोय म्हणून आत घ्या म्हणतो. त्यानंतर बराच वेळ आपण प्रेक्षक म्हणून एकच काम मन लावून करतो. त्या माणसाचा संशय घेतो.

चित्रपट जुना आहे, त्यामुळे शेवट सांगायला हरकत नाही. मल्होत्रा त्याच घरात आहे, माळ्यावर, मेलेला. दाराबाहेरचा माणूस पहिल्या वाक्यापासून खरं बोलत होता आणि जिच्यासाठी आपला जीव टांगणीला लागला होता, तीच खुनी आहे. पहिल्यांदा पाहताना हा कथानकाचा धक्का वाटतो. दुसऱ्यांदा पाहताना वेगळीच गोष्ट टोचायला लागते. त्या माणसाविरुद्ध आपल्याकडे पुरावा काय होता? तो नको तिथे हसत होता, फार बोलत होता, चिकटपणा करत होता आणि बाहेर होता. एवढ्यावर आपण त्याला दोषी ठरवलं होतं. कॅमेरा घरात असल्यामुळे आपणही घरातले झालो होतो.

घरात शिरणाऱ्या माणसाची भीती दाखवणाऱ्या सगळ्याच चित्रपटांची मांडणी या एका निवडीवर उभी असते. कॅमेरा कडीच्या कुठल्या बाजूला ठेवायचा? तो आत ठेवला की दाराबाहेरचा प्रत्येक आवाज धमकी होतो. 'वेट अंटिल डार्क' (1967) मध्ये ऑड्री हेपबर्न अंध स्त्रीच्या भूमिकेत आहे. ती घरातले दिवे फोडून टाकते, म्हणजे अंधारात ती आणि घरात शिरलेला माणूस दोघंही सारखे. घर तिच्या हाताखालचं, तिला दिव्याची गरज नाही. मात्र फ्रिजच्या आतला दिवा तिच्या लक्षातून सुटलेला असतो. तो प्रसंग अंगावर येतो, कारण तोवर ते घर आपल्याही ओळखीचं झालेलं असतं. स्वयंपाकघर कुठे, जिना कुठे, खिडकीची फट कुठे, हे प्रेक्षकाला नीट पाठ करून दिल्याशिवाय भीती उभी राहत नाही. रोजची वस्तू उलटते तेव्हा माणूस घाबरतो. मिशाएल हानेके यांच्या 'फनी गेम्स'मध्ये (1997) दोन सभ्य, गोड बोलणारी पोरं अंडी मागायला येतात आणि सभ्यपणाच्या बळावरच घरात शिरतात. दारात आलेल्याला नाही म्हणायचं कसं, हा संकोच आपल्यालाही नवा नाही. मराठीत विशाल फुरिया यांच्या 'लपाछपी'ने घर उसाच्या फडात नेलं आणि धोका आसरा देणाऱ्यांतच ठेवला. पूजा सावंत आणि उषा नाईक यांच्यातले प्रसंग भुतापेक्षा त्या घरातल्या मायेमुळे जास्त घाबरवतात.

हे सगळं जिवतीच्या संदर्भात लिहावंसं वाटलं, त्यामागे कारण आहे. जिवती हा चंद्रपूर जिल्ह्याच्या दक्षिण टोकाचा, माणिकगडच्या डोंगरपट्ट्यातला तालुका. गडचांदूरची सिमेंटची धुरांडी मागे टाकून वर चढलं की गोंड आणि कोलामांचे गुडे लागतात. त्यांच्या जोडीला दुष्काळांच्या काळात मराठवाड्यातून येऊन वसलेल्या कुटुंबांची गावं आहेत. सीमेवरच्या चौदा गावांवर महाराष्ट्र आणि तेलंगण दोन्ही राज्यं हक्क सांगतात. कसायच्या जमिनीला वनजमीन म्हणायचं की महसुली, हा घोळ तालुक्यात पिढ्यान् पिढ्या चालत आला आहे. शहरी चित्रपटातलं भक्कम दाराचं, कागदोपत्री आपलं असलेलं घर इथे सर्रास सापडत नाही. मातीच्या किंवा कुडाच्या भिंती, वर कवेलू नाहीतर टिन, आणि दिवसभर उघडंच असलेलं दार.

टिनाच्या घरावर रात्री गोटा पडला की आवाज एकदाच येत नाही. आधी आदळल्याचा, मग उतारावरून घरंगळत येण्याचा, शेवटी अंगणात पडल्याचा. तेवढ्यात झोपलेलं घर जागं होतं. मग काहीच होत नाही आणि या काहीच न होण्यात सगळे जण दुसऱ्या गोट्याची वाट पाहत बसतात. दिग्दर्शक लोक ज्या शांततेसाठी ध्वनिसंयोजकाला पैसे मोजतात, ती इथे फुकट मिळते. पुढचे प्रकार विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला सांगावे लागत नाहीत. दांडीवरचं लुगडं पेट घेतं, पिठात घाण निघते, डब्यातले पैसे जातात, पोरीच्या अंगावर बिब्ब्याच्या फुल्या उठतात. दार बंद असतं, कोणी आलेलं दिसत नाही आणि तरी कोणीतरी घरात शिरल्याचा पुरावा रोज सापडतो. याला भानामती म्हणतात. कडी लावलेल्या घरात शिरण्याची आपल्या मुलखातली सगळ्यांत जुनी भयकथा हीच आहे.

चित्रपटात एक हमी असते. शिरणाऱ्याचा चेहरा शेवटी दिसणार, निदान मुखवटा तरी दिसणार. त्या हमीवरच आपण तिकीट काढून घाबरून घेतो. गावात तशी हमी कोणी देत नाही. गोटा पडला, कपडा जळला, लेकरू तापाने फणफणलं, बैल मेला, आणि कोणी केलं ते कळेना. ती रिकामी जागा फार दिवस रिकामी ठेवणं माणसाला सोसत नाही. मग कोणी भगत किंवा मांत्रिक नाव सुचवतो, कोणाच्या अंगात येतं आणि तोंडून नाव निघतं, किंवा पारावर कुजबुजत कुजबुजत नाव आपोआप पक्कं होतं.

ऑगस्ट 2021 मध्ये जिवती तालुक्यातल्या वणी खुर्द गावात जादूटोण्याच्या संशयावरून सात जणांना भर गावात खांबांना बांधून मारहाण झाली. सातही जण दलित होते. त्यांत म्हातारी माणसं होती, बाया होत्या. ही बातमी राज्यभर गाजली, गुन्हे दाखल झाले, अटका झाल्या. बातमीत जे चित्र दिसलं, ते घरात शिरण्याच्या चित्रपटापेक्षा उलटं वाटतं: बांधलेली माणसं मध्ये आणि भोवती गाव. पण तर्क तोच आहे, 'कौन?' पाहताना आपण लढवत होतो तोच. संशय घेणारा नेहमी स्वतःला कडीच्या आतला समजतो. आपल्या घरावर कोणीतरी चालून आलंय, आपण फक्त दार राखतोय, अशी त्याची मनोमन खात्री असते. त्यामुळे सत्तरीच्या माणसाला दोरखंडाने बांधतानाही हात कचरत नाही.

आता आत कोण आणि बाहेर कोण, हे ठरवलं कोणी? चित्रपटात दिग्दर्शक ठरवतो. गावात हे फार आधी ठरलेलं असतं. वस्ती कुठे, पाणी कुठलं, पारावर बसायचं कोणी, यातूनच ठरलेलं असतं. करणीचा आळ सहसा विधवेवर येतो, निपुत्रिक बाईवर, एकट्या म्हाताऱ्यावर, जिच्या जमिनीवर कोणाचा डोळा आहे तिच्यावर, आणि जातीच्या उतरंडीत खाली ठेवलेल्या घरावर. गावातल्या सगळ्यांत दांडग्या माणसाने करणी केली म्हणून त्याला खांबाला बांधल्याचं ऐकिवात नाही. भीती अदृश्य शक्तीची असती तर कधीतरी ती वरच्या घरांकडेही बोट दाखवती.

भीती जास्त असल्याने माणसं अशी वागतात, हे स्पष्टीकरणही मला पटत नाही. याच जिल्ह्यात त्याहून खरी भीती रोज अंगणात येते. चंद्रपूरला लागून असलेल्या दुर्गापूर परिसरात 2022 मध्ये बिबट्याचे जीवघेणे हल्ले झाले. ताडोबाच्या भोवतालच्या गावांत सरपणाला, मोहफुलांना, तेंदूपत्त्याला गेलेलं माणूस परत येईल याची खात्री नसते. लोक चिडतात, वनविभागाच्या गाड्या अडवतात, मोर्चे काढतात. पण बिबट्या आला म्हणून शेजारणीला कोणी बांधत नाही. बिबट्याला चेहरा आहे, ठसे आहेत, पंचनामा होतो, नुकसानभरपाईचा अर्ज असतो. 'कोणी केलं' याचं उत्तर हाताशी असलं की मोठ्यातली मोठी भीतीसुद्धा माणसाला माणसावर सोडत नाही.

भानामतीच्या 'कोणी केलं' याचं उत्तरही मिळू शकतं आणि ते महाराष्ट्रात अनेकदा मिळालेलं आहे. श्याम मानव यांची अखिल भारतीय अंधश्रद्धा निर्मूलन समिती, डॉ. नरेंद्र दाभोलकर यांची महाराष्ट्र अंधश्रद्धा निर्मूलन समिती, या दोन्हींच्या कार्यकर्त्यांनी वर्षानुवर्षं अशी घरं हाताळली. त्यांना सापडणारं उत्तर बहुतेक वेळा एकच असतं: हे करणारं माणूस घरातलंच आहे. बरेचदा ती सून असते, वयात येणारी पोर असते, शिक्षण थांबवलेली किंवा नको तिथे लग्न ठरवलेली मुलगी असते. गोटे फेकणारा हात आणि ते पाहून किंचाळणारा गळा एकाच अंगाचा असतो. कार्यकर्ते घरातल्या प्रत्येकाशी एकेकट्याने बोलतात, कळतं ते मनात ठेवतात आणि त्या माणसाशी शांतपणे बोलून प्रकार थांबवतात. नाव चारचौघांत सांगायचं नाही, हा त्यांचा दंडक. नाव फुटलं तर त्या पोरीचं काय होईल, हे त्यांना माहीत असतं.

'कौन?'बद्दलची माझी तक्रार इथे आहे. धोका घराच्या आतच आहे, इथपर्यंत तो चित्रपट धाडसाने येतो आणि मग तिला वेडी ठरवून मोकळा होतो. ती वेडी ठरताच प्रेक्षकाची सुटका होते. आपण एका निरपराध माणसाला दीड तास गुन्हेगार मानलं, याचा हिशेब द्यावा लागत नाही. ती एकटी का आहे, तिच्यावर काय गुदरलं, याची त्या चित्रपटाला फिकीर नाही. कार्यकर्त्यांना त्याच जागी कोणी कधी ऐकून न घेतलेली मुलगी दिसते. धक्क्याच्या हौसेने पटकथेने ती शक्यता घालवली. एवढा नेटका चित्रपट तिथे उणा पडतो.

दाभोलकरांचा 20 ऑगस्ट 2013 रोजी पुण्यात खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं मागितलेला जादूटोणाविरोधी कायदा त्यानंतर काही दिवसांत अध्यादेश म्हणून आला आणि डिसेंबरमध्ये विधिमंडळात मंजूर झाला. अमुक माणूस करणी करतो असं जाहीर करून त्याचं जगणं मुश्कील करणं हा या कायद्याने गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. वणी खुर्दची घटना याच कायद्याच्या राज्यात, दाभोलकरांच्या आठव्या स्मृतिदिनाच्या आसपास घडली. कायदा हवाच होता, आणि त्याने अनेक मांत्रिकांना गजाआड नेलं. पण तो येतो दार मोडल्यावर. टिनावर पहिला गोटा पडतो त्या रात्री गावात जायला कोणी लागतं. ते काम आजही मूठभर कार्यकर्त्यांच्या आणि एखाद्या शहाण्या शिक्षकाच्या किंवा आशाताईच्या भरवशावर चालतं.

घरात शिरण्याचा मराठी चित्रपट या डोंगरातून निघायला हवा, असं मला मनापासून वाटतं. त्यात कॅमेरा ज्या घरावर आळ आला त्या घरात असावा. आत म्हातारा-म्हातारी. बाहेर आवाज. आणि प्रत्येक आवाज ओळखीचा: हा पाटलाच्या धाकट्याचा, हा शेजारच्या गणपाचा, ज्याच्या लेकीच्या बाळंतपणाला म्हातारी रात्रभर बसली होती. 'म्हातारे, दार उघड, दोन गोष्टी विचारायच्या हायेत.' हॉलिवूडच्या 'द स्ट्रेंजर्स'मध्ये शिरणाऱ्यांना मुखवटे लागतात. इथे कोणालाच तोंड लपवायची गरज वाटत नाही. चित्रपटातले परके सकाळी निघून जातात. इथले दुसऱ्या दिवशी त्याच बोअरिंगवर पाण्याला येतात, त्याच किराणा दुकानात भेटतात, त्याच जीपमध्ये शेजारी बसतात. कोर्टाच्या तारखा चालू असतात आणि जगणं त्याच गल्लीत असतं. आपल्या पडद्याने ही भीती अजून नीट दाखवलेली नाही.

कदाचित हे काम चित्रपटाआधी नाटक करील. दिवाळीनंतर धान घरात आलं की वडसा, सिंदेवाही, ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टी रंगभूमीचे मंडप पडतात आणि गावंच्या गावं रात्रभर नाटक पाहतात. कॅमेऱ्याला आत किंवा बाहेर अशी एक बाजू निवडावी लागते. मंडपाला ती लागत नाही. रंगमंचावर फक्त एक घर उभं करावं, कडी लावलेलं, आत दोन म्हातारी माणसं. बाहेरचे आवाज विंगेतून देऊ नयेत. ते प्रेक्षकांतून यावेत, मधल्या रांगेत बसलेल्या नटांच्या तोंडून, एकेक करून, नाव घेऊन. मग मंडपातल्या माणसाला आपण घरातले आहोत असं समजून बसता येणार नाही.