चाक कुठे ठेवायचं

२००९ सालच्या कार्तिकातली गोष्ट. औंढा नागनाथहून हिंगोलीकडे माझी शेवटची फेरी होती. काळीपिवळीत अकरा माणसं, टपावर दोन सायकली. समोरून उसाचा ट्रॅक्टर आला, त्याच्या उजेडाने डोळे दिपले. तो बाजूने गेला आणि माझ्या दिव्यांत रस्त्याच्या मधोमध एक पोतं दिसलं. ट्रॅक्टरवरूनच पडलं असणार. मागे ट्रक चिकटलेला, एकदम ब्रेक लावणं धोक्याचं. मी ठरवलं, पोतं दोन चाकांच्या मधून घ्यायचं. स्टिअरिंग त्या बेताने धरलं. तेवढ्यात पोत्याने हात हलवला.

ब्रेक मी कसा लावला ते आजही आठवत नाही. गाडी साइडपट्टीवर उतरून बाभळीला टेकली. रस्त्यात एक मजूर निजला होता. सोयाबीनच्या मळणीवरून दमून आलेला. दिवसभर तापलेलं डांबर रात्री ऊब देतं, म्हणून थंडीत माणसं त्यावर पाठ टेकतात. प्रवाशांनी माझी पाठ थोपटली, म्हणाले, वाचवलंस. घरी आल्यावर मला जेवण गेलं नाही. मी त्या माणसाला मारायला निघालो नव्हतो. मी त्याला पाहिलंच नव्हतं. मी पोतं पाहिलं होतं आणि पोत्याशी वागावं तसं अगदी व्यवस्थित वागत होतो. हात हलला नसता तर पाप कुणाच्या खात्यात गेलं असतं, माझ्या हाताच्या की माझ्या डोळ्याच्या? बी.ए.ला मी तत्त्वज्ञान घेतलं होतं. वर्गात असा प्रश्न कुणी विचारला नव्हता.

पुढे कितीतरी वर्षं हे मी कुणाजवळ बोललो नाही. मग मुलीने तोच प्रश्न वेगळ्या वाटेने घरात आणला. ती नांदेडला कॉम्प्युटर शिकली आणि आता पुण्यात चालकाविना चालणाऱ्या गाड्यांच्या सॉफ्टवेअरवर काम करते. तिच्या कामाचा बराचसा पाया फुकट मिळालेला आणि उघडा आहे, हे ऐकून मला नवल वाटलं. जपानमधल्या नागोया विद्यापीठात शिनपेई काटो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये ऑटोवेअर नावाची प्रणाली सगळ्यांसाठी खुली केली. गाडीला आपली जागा कशी कळते, पुढचं कसं दिसतं, वळायचं कसं ठरतं, हे सगळं कुणीही उतरवून घ्यावं, वाचावं, बदलावं. बार्सिलोनाच्या संशोधकांनी आणखी काही जणांच्या मदतीने २०१७ मध्ये कार्ला नावाचं संगणकातलं जग बांधून दिलं. तिथे पाऊस पाडता येतो, ऊन तिरपं करता येतं, रस्त्यात माणसं सोडता येतात, आणि गाडी चुकली तरी कुणी मरत नाही. मुलीने मला त्यात गाडी चालवायला दिली. आखीव रस्ते, उंच फुटपाथ. दहा मिनिटांनी मी म्हणालो, "बाई, यात आपलं काहीच नाही."

तेव्हा तिने दुसरं उघडलं. हैदराबादच्या आयआयआयटीतल्या लोकांनी इंडिया ड्रायव्हिंग डेटासेट म्हणून एक संग्रह केला आहे. हैदराबाद, बंगळूर आणि त्यांच्या आसपासच्या रस्त्यांवर १८२ फेऱ्यांत टिपलेली १०,००० चित्रं. प्रत्येक चित्रातला ठिपका न् ठिपका कशाचा आहे हे माणसांनी बसून ठरवलंय आणि त्यासाठी ३४ नावं वापरलीत. त्याआधी जगभर वापरला जाणारा सिटीस्केप्स हा संग्रह मुख्यतः जर्मन शहरांचा, त्यात रिक्षा कुठून येणार? इथे रिक्षाला स्वतःचं नाव आहे. जनावराला आहे. डांबराच्या कडेची मातीची पट्टी, जिच्यावर वेळ पडली तर चाक उतरवता येतं, जिने माझ्या त्या मजुराचा जीव वाचवला, तिलासुद्धा आहे. मग मी वर्गवारीचा सगळ्यात वरचा थर पाहिला आणि तिथेच थांबलो. पायी चालणारा माणूस, जनावर आणि वाहनावरचा स्वार, ही तिन्ही नावं एकाच मथळ्याखाली होती: सजीव.

मी नामदेवांच्या जिल्ह्यातला माणूस. आमच्या नरसीला कयाधूच्या काठी त्यांचं जन्मस्थान आहे. भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावणारे नामदेव आम्हाला आजीच्या मांडीवरच भेटतात. पण मला आयुष्यभर पुरली ती औंढ्याची गोष्ट. विसोबा खेचर देवळात पिंडीवर पाय ठेवून पडले होते. नामदेव संतापले. विसोबांनी सांगितलं, म्हातारा झालोय, जिथे देव नसेल अशी जागा बघ आणि माझे पाय तूच तिकडे ठेव. नामदेव पाय उचलून जिकडे नेत, तिकडे पिंड. लहानपणी मला हा चमत्कार वाटायचा. जीप चालवायला लागल्यावर तीच गोष्ट रोजच्या कामाची वाटू लागली. ड्रायव्हर सकाळपासून रात्रीपर्यंत दुसरं काय करतो? क्षणोक्षणी, जिथे कुणी नाही अशी जागा शोधतो आणि चाक तिकडे ठेवतो. त्या संध्याकाळी मीही मनात म्हटलं होतं, इथे कुणी नाही.

म्हणून मला वाटतं की या गाड्यांबद्दलचा खरा धार्मिक प्रश्न लोक समजतात तो नाही. अमेरिकेतल्या एमआयटीच्या संशोधकांनी मॉरल मशीन नावाचा प्रयोग केला. गाडी थांबू शकत नाही, एका बाजूला म्हातारा, दुसऱ्या बाजूला मूल, कुणाला वाचवायचं? २३३ देश-प्रदेशांतल्या लोकांनी जवळजवळ ४ कोटी उत्तरं दिली, २०१८ मध्ये त्यावर निबंध आला. मी एकवीस वर्षं गाडी चालवली, तराजूच्या दोन पारड्यांत दोन जीव ठेवून कुणी माझ्यापुढे कधी उभं राहिलं नाही. अंधारात, धुळीत, पावसात एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पुढे आली: समोर जे आहे ते कोण आहे?

२०१८ च्याच १८ मार्चला रात्री अमेरिकेत टेम्पी नावाच्या गावी एका चाचणीच्या गाडीने रस्ता ओलांडणाऱ्या ४९ वर्षांच्या बाईला उडवलं. ती हातात सायकल धरून चालली होती. सरकारी तपासाचा अहवाल पुढच्या वर्षी आला, मुलीने तो मला समजावून सांगितला. धडकेच्या ५.६ सेकंद आधी यंत्राला पुढे काहीतरी दिसलं होतं. ५.६ सेकंद म्हणजे ड्रायव्हरला पुष्कळ वेळ. पण यंत्र तिला कधी गाडी म्हणत होतं, कधी नुसतीच वस्तू, कधी सायकल. नाव बदललं की आधीची तिची हालचाल ते विसरायचं आणि नव्याने मोजू लागायचं. पट्टे नसलेल्या जागी माणूस रस्ता ओलांडत असेल, हे त्याच्या रचनेत धरलेलंच नव्हतं. मी हिंगोली ते औंढा रस्ता डोळ्यांपुढे आणला. फाट्याफाट्यावर पोरं, बैल, डोक्यावर भारे घेतलेल्या बाया. पट्टे कुठे आहेत? त्या रचनेच्या हिशेबाने आमच्याकडे रस्ता ओलांडणारं कुणी नाहीच.

त्या गाडीच्या आत काय धरलं होतं आणि काय नाही, हे एक बाई मेल्यावर आणि सरकारी चौकशी बसल्यावर जगाला कळलं. माझा सगळा जीव इथे अडकतो. गोरोबाकाकांनी संतांच्या डोक्यावर थापटणं मारून कच्चं मडकं कोणतं ते पाहिलं आणि नामदेव कच्चे ठरले. नामदेवांना राग आला, तरी ते उठून औंढ्याला विसोबांकडे गेले. मडकं पक्कं आहे की नाही हे त्याने स्वतः सांगून चालत नाही, दुसऱ्या कुणीतरी वाजवून पाहावं लागतं. ओपन सोर्स म्हणजे मला तरी हेच कळलं. नागोयाच्या माणसाने लिहिलेलं कुणी पुण्यातली पोरगी वाचते, एका ओळीवर बोट ठेवते, म्हणते, हे अंधारात चुकेल, आणि दहा अनोळखी माणसं तिच्याशी वाद घालून शेवटी ती ओळ बदलतात. जिथे जीव कोण आणि वस्तू कोण हे ठरतं, तो मजकूर कुलपात असणं मला अधर्म वाटतो. रस्त्यावर चालणाऱ्याला तो वाचता येणार नाही, हे खरं. पण त्याच्या वतीने वाचणारं कुणी असू शकतं, एवढी सोय तरी त्याला हवी.

काही जण म्हणतील, हे सगळं आपल्याकडे येणारच नाही. २०२३ च्या डिसेंबरात नागपूरला नितीन गडकरी यांनी चालकाविना गाड्या भारतात येऊ देणार नाही असं सांगितलं, ड्रायव्हरांची पोटं जातील म्हणून. त्या काळजीचं मला मोल आहे, माझे सोबती आजही या रस्त्यावर पोट भरतात. पण कॅमेऱ्याने समोरचं ओळखून आपोआप ब्रेक लावणाऱ्या गाड्या इथे विकल्या जात आहेतच. म्हणजे यंत्राचा डोळा आला आहे, हात मागाहून येतील.

एका बाबतीत मुलीचं आणि माझं जमलं नाही. ऑटोवेअर ज्या परवान्याखाली मिळतं, त्यात लिहिलंय की हे आहे तसं घ्या, कसलीही हमी नाही. मी विचारलं, "म्हणजे माणूस मेला तर कर्ता कोण?" ती म्हणाली, "अण्णा, फुकट देणाऱ्यालाच पकडायचं ठरवलं तर उद्या कोण देईल?" तिचं म्हणणं खोटं नाही. गीतेच्या अठराव्या अध्यायात कर्माची पाच कारणं सांगितलीत: अधिष्ठान, कर्ता, साधनं, नाना प्रकारच्या क्रिया आणि दैव. मी एकटाच करतो असं मानणाऱ्याला तिथे अजाण म्हटलंय. कॅमेरा बनवणारा, चित्रांना नावं देणारा, ओळ लिहिणारा, गाडी विकणारा, आत बसलेला, सगळे त्या पाचांत कुठे ना कुठे येतात. अकरा प्रवाशांनी भाडं वाटून घेतलं की प्रत्येकाच्या वाट्याला थोडंच येतं. जीव गेल्याचा भार तसा वाटला जात नाही, अकराही जणांवर तो पुरता येतो, असं माझं मत आहे. त्या संध्याकाळचा भार माझ्यावर अजून आहे, आणि तेव्हा तर कुणी मेलंही नव्हतं.

या दसऱ्याला ती आली तेव्हा आम्ही काचेला मोबाईल बांधून औंढ्यापर्यंत गेलो आणि परत आलो. आपल्या रस्त्याची चित्रं करून, नावं देऊन ती सगळ्यांसाठी खुली ठेवायची, असं तिच्या मनात आहे. रात्री ओट्यावर लॅपटॉप घेऊन बसलो. एका चित्रात अर्ध्या रस्त्यावर सोयाबीन वाळत घातलेलं होतं. ती म्हणाली, "अण्णा, याला काय म्हणू? गाडी जाऊ शकते यावरून, तेव्हा रस्ताच म्हणते." गाडी जाऊ शकते, हे मलाही माहीत आहे. मळणी व्हावी म्हणून शेतकरी कधी कधी मुद्दाम चाकाखाली घालतात. पण हे वाळवण होतं, कडेने दगड मांडलेले होते. जाऊ शकते आणि जावं, यांत फरक करणारं नाव त्या ३४ नावांत नव्हतं. बराच वेळ आम्ही दोघं त्या चित्राकडे बघत राहिलो. मग तिने चित्र मोठं केलं, आणि दगडांच्या पलीकडे, बाभळीच्या सावलीत, ज्याला मी आतापर्यंत गोणपाटाचा ढीग समजत होतो, तिथे एक म्हातारी राखणीला बसलेली दिसली.

मी माऊस मागून घेतला. माझा हात थरथरतो, रेघ सारखी बाहेर जायची. पदर कुठे संपतो आणि सावली कुठे सुरू होते ते कळायला वेळ लागला. पाऊण तास लागला. मुलीने सजीव या मथळ्याखालचं माणूस हे नाव उघडून दिलं आणि मी त्यावर बोट दाबलं.