तंट्यांची बेरीज

कुणकेश्वरच्या देवळामागच्या कट्ट्यावर बसून, समुद्राचा वारा कागद उडवू पाहत असताना, मी मुलांचे पेपर तपासत आलो आहे. गुण देणे हा माझा धंदाच. पण एकदा सगळ्या गावासाठी गुण मिळवायचे काम माझ्याकडे आले.

१५ ऑगस्ट २००७ रोजी महाराष्ट्रात महात्मा गांधी तंटामुक्त गाव मोहीम सुरू झाली. आर. आर. पाटील तेव्हा गृहमंत्री होते. गावातले तंटे नोंदवायचे, सामोपचाराने मिटवायचे. त्याला गुण, आणि पात्र गावाला लोकसंख्येच्या मानाने रोख बक्षीस. कल्पना खरोखर चांगली. कोकणी माणसाला तर तिचे मर्म समजावून सांगायलाच नको. आमचे सातबारे सामाईक. कातळाच्या तुकड्यावर वीसवीस नावे, त्यातली निम्मी मुंबईत. कलमे मात्र दरवर्षी मोहरतात, आणि त्यांच्याबरोबर भांडणेही.

लिहिणारा माणूस म्हणून नोंदवही माझ्याकडे आली. एका वाडीत एक विधवा बाई राहत असे. तिच्या वाट्याची चार कलमे दिराने बांध सरकवून आपल्यात घेतली होती, हे सर्वांना ठाऊक होते. मी विचारायला गेलो, तर सूप खाली न ठेवताच ती म्हणाली, "गुरुजी, भांडान खंय जाऊ? पाणी तेंच्याच बावयेचा भरतंय मी."

मी नोंद केली नाही. पान कोरे राहिले, आणि खरे सांगायचे तर मला ते बरेच वाटले.

भूतानच्या राजाने राष्ट्राच्या उत्पन्नापेक्षा राष्ट्राचे सुख मोठे मानले. २०१२ पासून जगातल्या देशांच्या सुखाचा अहवालही निघतो. त्यासाठी माणसाला ० ते १० पायऱ्यांची शिडी मनात आणायला सांगतात आणि विचारतात, आज तुम्ही कितव्या पायरीवर? त्या बाईने काय उत्तर दिले असते? मला वाटते, विचारणारा कोण आणि विहीर कोणाची, यावर तिची पायरी ठरली असती.

आमच्याकडे याहून जुनी एक कसोटी आहे. मालवण तालुक्यातल्या आचऱ्याला काही वर्षांच्या अंतराने गावपळण होते. रामेश्वराचा कौल घेऊन सारा गाव, गुरेढोरे, कोंबड्या, कुत्रीमांजरे घेऊन, तीन दिवस तीन रात्री वेशीबाहेर राहुट्यांत राहतो. घरे मागे तशीच. एवढा विश्वास कोणत्या कोष्टकात बसवणार? मी ही गोष्ट पाहुण्यांना मोठ्या अभिमानाने सांगत असे. अलीकडे सांगताना अडखळतो. चोराची भीती नसणे हे सुख खरेच. पण त्या बाईची कलमे चोराने नेली नव्हती.

ती देवगडला तहसील कचेरीतही कधी गेली नाही. सरकारपेक्षा तिचा गावावर भरवसा आहे, असा अर्थ मी तेव्हा लावला होता. सोयीचा होता तो.

पुढे एका शिवरात्रीच्या जत्रेत ती भेटली. मालवणी खाज्याचा पुडा माझ्या मुलीच्या हातात देत तिने सहज विचारले, "गुरुजी, त्या वयेत माजा काय लिवलात?"

"काही नाही," मी म्हणालो.

तिने मान हलवली आणि दर्शनाच्या रांगेत गेली. दीर तिच्या पुढेच उभा होता.