खिमा, मीठ आणि लपवाछपवी

मसाला कशासाठी घालायचा? पाकशास्त्राच्या पुस्तकांत याचे उत्तर एकच: चव यावी म्हणून. ती पुस्तके लिहिणाऱ्यांच्या चुलीचा वास कुणाला कधी खुपला नाही, म्हणून त्यांना दुसरे उत्तर सुचत नाही. आपल्या वस्तीत मसाल्याला आणखी एक काम होते. वास मारण्याचे. बड्याचे शिजत असले की लसूण जास्त, तिखट त्याहून जास्त, आणि वारा पेठेकडे वाहत असेल तर चूल जरा उशिरा पेटवायची. माय म्हणायची, "दार लोटून घे बापा." दाराने वास अडत नाही हे तिला कळत नव्हते असे नाही.

तेव्हा प्रश्न असा आहे: माणसाने आपले अन्न लपवावे काय? आणि लपवले तर त्याला खोटेपणा म्हणायचे की शहाणपण? हा प्रश्न मी हॅम्बर्गरच्या निमित्ताने मांडणार आहे. हसायचे असेल त्यांनी हसून घ्यावे. चान्यांवर लिहिले असते तर 'अस्सल अनुभव' म्हणून माना डोलल्या असत्या. पण आपल्या पोरांच्या ताटात आज काय पडते आहे, त्याचाही विचार आपणच केला पाहिजे.

नावात 'हॅम' आहे म्हणून पुष्कळांना हा पदार्थ डुकराचा वाटतो. तसे नाही. नाव पडले जर्मनीतल्या हॅम्बुर्ग शहरावरून. अमेरिकेच्या सरकारी नियमात हॅम्बर्गर म्हंजे गाईबैलाच्या मांसाचा खिमा. चरबी शंभरात तीसच्या वर नको, मीठमसाला हवा तर घाला. म्हंजे बाबासाहेबांनी १९४८ च्या 'द अनटचेबल्स' या ग्रंथात ज्या मांसाशी अस्पृश्यतेचे मूळ जोडून दाखवले, त्याच मांसाची ही टिक्की. वाडग्यात असते तेव्हा ते विटाळाचे, पावात घातले की आधुनिक. १९९६ साली मॅकडोनाल्ड्सने दिल्लीत आणि मुंबईत दुकाने उघडली ती हे मांस वगळूनच. पुढे बटाट्याची टिक्की आली आणि तीच खपली. नाव राहिले, पाव राहिला, वरचा कागद राहिला. आतला ऐवज तेवढा बदलला. त्याला कुणी लपवाछपवी म्हणाले नाही. त्याला धंदा म्हणतात.

माझा पुतण्या पुण्याला नोकरीत आहे. उन्हाळ्यात कारंज्याला आला आणि म्हणाला, "काका, घरीच करू ना. मले सगळं येते." कृती त्याला पाठ होती. मला नवल वाटले ते एकाच गोष्टीचे: मसालाच नाही. मीठ आणि मिरे. बस्स.

कृती सांगतो, कारण पुढचा विचार तिच्यावरच उभा आहे. आमच्या इकडे आता मिळते ते म्हशीचे, नाहीतर हेल्याचे. ते कोरडे. नुसत्या लाल मांसाचा खिमा तव्यावर गेला की भुसा होतो. म्हणून खाटकाला सांगून किलोमागे दोनशे ग्रॅम चरबी त्यातच काढून घ्यायची. खिमा थंड हवा. हाताच्या उबेने चरबी पाघळली की काम बिघडले. कणकेसारखा मळायचा नाही. हलक्या हाताने गोळा करायचा, चपटा करायचा, मध्ये अंगठ्याने खळगा पाडायचा, कारण शेकताना कडा आक्रसतात आणि मधला भाग फुगतो. आणि मीठ शेवटी, तव्यावर टाकायच्या घडीला, तेही वरून. आधीच कालवले तर मीठ मांसातले प्रथिन विरघळवते, खिमा चिकट होतो आणि टिक्की रबरासारखी घट्ट होते. शामी कबाबाचे नेमके उलटे. मोहल्ल्यातल्या बाया खिमा चण्याच्या डाळीबरोबर आले, लसूण, मीठ, गरम मसाला घालून आधी शिजवतात आणि मग पाट्यावर वाटतात. तिथे चिकटणे हवेच असते. कोणती रीत चांगली म्हणाल तर जिभेपुरता मी शामीवाला. पण विचाराला चालना दिली ती ह्या बिनमसाल्याच्या टिक्कीने.

कारण बिडाचा तवा तापला, चरबी सुटली आणि वास आला तो निखळ मांसाचा. त्यावर लसणाचे पांघरूण नाही, तिखटाचे नाही. माझी बायको उठली आणि तिने खिडकी लावली.

"काकू, खिडकी कायले लावता? धूर कोंडून राह्यला ना."

ती काही बोलली नाही. धुरात आम्ही खाल्ले.

आता ह्या टिक्कीत लपवणे नाही असे वाटेल. मसाला नाही म्हंजे सगळे उघड. पण खिमा ही गोष्टच मुळात लपवण्याची आहे. आपल्या जुन्या माणसांना जनावर अवयवानिशी ठाऊक होते. काळीज, फुप्फुस, वजडी, मुंडी, खूर. कोणते किती वेळ शिजते, कुठल्या घराच्या वाट्याला काय येते, हे पोराबाळांना पाठ. खिम्यात हाड नाही, शीर नाही, डोळा नाही. मांडीचे की मानेचे, एका जनावराचे की दहांचे, काही कळत नाही. सबंध तुकडा आत थोडा कच्चा राहिला तर एक वेळ चालते, खिमा राहिलेला चालत नाही. तुकड्याच्या वरच्या अंगाला असलेले जंतू यंत्र आतपर्यंत नेऊन सोडते. म्हणून टिक्कीच्या मध्यापर्यंत ७१ अंश सेल्सिअस उष्णता गेली पाहिजे, असे अमेरिकन सरकारचे सांगणे आहे. डोळ्यांना काहीच दिसत नाही, म्हणून हा खटाटोप. खाणाऱ्याला जनावर आठवू नये अशी ही सोय आहे, आणि जनावर आठवले नाही की सुरी धरणारा माणूसही आठवत नाही.

अप्टन सिंक्लेअर नावाच्या समाजवादी लेखकाने १९०६ साली 'द जंगल' ही कादंबरी छापली. शिकागोच्या कत्तलखान्यांत राबणाऱ्या, परदेशातून आलेल्या मजुरांचे हाल हा तिचा विषय. अमेरिकेतला वाचक वाचून हादरला आणि त्याने काय मागितले? स्वच्छ मांस! त्याच वर्षी मांस तपासणीचा कायदा झाला. ज्याच्यासाठी पुस्तक लिहिले तो मजूर राहिला तिथेच. वाचकाला आपले पोट तेवढे आठवले.

पण हे सगळे बोलताना आमच्या कारंज्यात मांस न खाणाऱ्यांची जी जुनी परंपरा आहे, तिला बगल देऊन चालणार नाही. इथल्या जैन मंदिरांच्या भांडारांत जुनी हस्तलिखिते आहेत. १९३१ साली कारंजा जैन ग्रंथमालेत परशुराम लक्ष्मण वैद्य यांनी संपादलेले 'जसहरचरिउ' हे अपभ्रंश काव्य निघाले. कवी पुष्पदंत, दहाव्या शतकातला. त्यातली गोष्ट आपल्या विषयाशी थेट भिडते. राजाला वाईट स्वप्न पडते. आई म्हणते, देवीला जीव दे. राजा जीव मारायला तयार नाही. शेवटी मधला मार्ग निघतो: पिठाचा कोंबडा करायचा आणि तो कापायचा. कापतात. पुढे मायलेक विषाने मरतात आणि जनावरांचे जन्म घेत फिरतात, मारले जातात. पिठाच्या कोंबड्याचे एवढे प्रायश्चित्त! का? तर पिठात जीव नव्हता, पण मनात मारणे होते.

मी ही गोष्ट चेष्टेसाठी सांगत नाही. विचार फार कडक आहे आणि मला तो पटतो. वस्तू कोणत्या पदार्थाची केली यापेक्षा करताना मनात काय होते ते मोजा, असे तो सांगतो. बरे तर, मोजा. पण मग तोच तराजू सगळीकडे लावा. ज्याच्या ताटासाठी मुंगीही मेली नाही, पण शेजारच्या घरात काय शिजते ते हुंगून ज्याचे मन त्या घरातल्या माणसांना कापून टाकते, त्याचा हिशेब कोणत्या वहीत लिहायचा? तिथे तर पीठही नाही, साक्षात माणूस आहे.

आणि आमचाही मोजा. भिक्षूसाठी नियम होता: आपल्याकरता मारलेले पाहिले नाही, ऐकले नाही, तशी शंकाही नाही, असे मांस भिक्षापात्रात पडले तर चालते. काही मित्र हा नियम आपल्यालाही लावतात. मला ते मान्य नाही. भिक्षूला निवड नसते. पात्रात पडेल ते तो खातो. मी खिशात पैसे घालून दुकानात जातो आणि 'पाव किलो जास्त दे' म्हणतो. मला न पाहण्याची सवलत कशी मिळेल?

सोडणे ही वेगळी गोष्ट. मार्च १९२७ मध्ये महाडच्या परिषदेत बाबासाहेबांनी मेलेल्या ढोराचे मांस सोडा म्हणून सांगितले. लोकांनी उपाशी राहून सोडले. त्यात कुणापासून काही लपवायचे नव्हते. भर गावात, गावकीचा रोष अंगावर घेऊन केलेली गोष्ट होती ती. उद्या आपल्यापैकी कुणी पंचशील मानून सगळेच मांस सोडले तर मी त्याला हात जोडीन. घरमालकाच्या धाकाने सोडले तर जोडणार नाही.

आणि धाक आहे. १९७६ च्या महाराष्ट्र पशुसंरक्षण कायद्यात कत्तलीवरची पूर्ण बंदी गाईपुरती होती. मार्च २०१५ मध्ये दुरुस्ती लागू झाली, त्यात बैल आणि वळूही आले, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. मे २०१६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलीवरची बंदी कायम ठेवली, मात्र परराज्यातून आणलेले मांस नुसते जवळ बाळगणे हा गुन्हा ठरवणारे कलम रद्द केले. म्हशीवर ही बंदी नाही. पण शेजाऱ्याच्या नाकाला कलमे वाचता येत नाहीत. खिमा म्हशीचा असो की बैलाचा, दिसतो लालच. ज्याने दुसऱ्याच्या ताटात डोकवायचे ठरवले आहे, त्याच्यापुढे खाटकाची पावती धरायची की काय?

माझ्या बायकोने खिडकी लावली आणि कारखान्याने खिमा केला, दोन्हीला लपवणेच म्हणायचे. पण एकाच मापाने दोन्ही मोजणे हा अन्याय आहे. खिडकी भीतीने लागते, आणि त्या भीतीला कारण असते. ते कारण लावणाऱ्याच्या घरात नसून बाहेर असते. दुसरे लपवणे सोयीचे आहे, बिनधोक आहे. त्याचे उत्तर खाणाऱ्यानेच दिले पाहिजे. म्हणून मी खिमा पिशवीत बांधलेला घेत नाही. दुकानात उभा राहतो, तुकडा पाहतो, माझ्यासमोर काढून घेतो. कापणाऱ्या पोराच्या अंगठ्याला चिंधी बांधलेली असते ती दिसते. त्याची मजुरी किती, हेही एकदा विचारले. ऐकून पुढे काय बोलावे ते सुचले नाही.

पुतण्या पुण्याला परत गेला. तिथे खोली मिळतानाच घरमालकाने अट घातलेली: 'तसलं काही शिजवायचं नाही.' तो रविवारी शिजवतो. शिजवताना शेजारच्या तव्यावर कांदालसणाची खमंग फोडणी करपवतो आणि उदबत्ती लावतो. त्याला मी 'लपवू नको' असे सांगितलेले नाही. खोली त्याची जाईल, माझी नाही.