एका गुलामाचे घर, एका राजाचा वाडा



पवित्र शास्त्रात दोन घरांच्या गोष्टी आहेत. दोन्हींमध्ये काही शतकांचे अंतर आहे. परंतु मुलांच्या रक्षणाचा विचार करताना ती दोन घरे शेजारी शेजारी ठेवून पाहावीत, असे आम्हांला वाटते.

पहिले घर गुलामांचे. निर्गमाच्या पुस्तकाचे पहिले दोन अध्याय उघडून पाहा. इब्री लोकांचे मुलगे जन्मताच मारावेत असा फारोचा हुकूम होता. शिप्रा आणि पुवा या दोन सुइणींनी तो मानला नाही. एका आईने आपले बाळ तीन महिने लपवून ठेवले. पुढे लपवणे अशक्य झाले, तेव्हा तिने लव्हाळ्याची पेटी डांबराने लिंपली, बाळ तीत ठेवले आणि पेटी नदीकाठी सोडली. बाळाची बहीण मात्र घरी परतली नाही. थोड्या अंतरावर उभी राहून ती पेटीवर नजर ठेवून होती. शेवटी फारोच्याच मुलीने ते बाळ उचलले आणि आपल्या अधिकाराची सावली त्याच्यावर धरली. मोशे वाचला तो असा. त्याला वाचवायला पाच स्त्रिया लागल्या. दोघींनी हुकूम मोडला, एकीने लपवले, एकीने पहारा दिला, एकीने आपले वजन वापरले. यांतील एक जरी दुवा तुटला असता तर?

दुसरे घर राजाचे. शमुवेलाच्या दुसऱ्या पुस्तकाच्या तेराव्या अध्यायात दावीद राजाच्या वाड्यात त्याची मुलगी तामार हिच्यावर तिचाच सावत्र भाऊ अम्नोन याने अत्याचार केला. तो आजारपणाचे सोंग घेऊन निजला होता आणि तिला त्याच्याकडे जेवण करायला पाठवले होते ते खुद्द वडिलांनी. तिने नकार दिला, विनवण्या केल्या, नंतर डोक्यात राख घालून रडत रडत ती बाहेर पडली. पुढे काय झाले? सख्ख्या भावाने, अबशालोमाने, तिला गप्प राहायला सांगितले. कारण तो तुझा भाऊच आहे! वडिलांना फार राग आला, परंतु त्यांनी केले काहीच नाही. तामार भावाच्या घरी उजाड आयुष्य जगत राहिली. दोन वर्षांनी अबशालोमाने अम्नोनाचा खून केला आणि पुढे राज्यात बंड माजले. ज्या घराने इभ्रतीसाठी तोंड बंद ठेवले, त्या घराची इभ्रतही राहिली नाही आणि शांतीही राहिली नाही.

बंधू-भगिनींनो, गुलामांच्या घरी काहीच नव्हते, तरी मूल वाचले. राजाच्या वाड्यात सर्व काही होते, तरी मुलगी वाचली नाही. आपले घर यांपैकी कोणते?

हा प्रश्न आपल्यासाठी नाही असे कुणी समजू नये. भारत सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ साली बाल-अत्याचाराचा एक मोठा अभ्यास प्रसिद्ध केला. १३ राज्यांतील १२,४४७ मुलांशी बोलून तो तयार झाला होता. त्यांतील ५३ टक्क्यांहून अधिक मुलांनी कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचे सांगितले. त्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. 'आपल्याला मुलगाच आहे, काळजी कसली?' असे म्हणणाऱ्या पालकांनी ही गोष्ट लक्षात ठेवावी. आणि छळ करणाऱ्यांपैकी सुमारे निम्मे लोक मुलाच्या ओळखीचे, विश्वासातले होते. बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. म्हणजे आपण मुलांना 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नकोस' एवढेच शिकवतो, तेव्हा अर्धाच दरवाजा बंद करतो. अम्नोन बाहेरून आला नव्हता.

शोषण म्हणजे नेमके काय? तत्त्वज्ञ कांट यांनी मांडलेला एक विचार येथे उपयोगी पडतो. माणूस हा कधीही केवळ साधन नसतो, तो स्वतःच साध्य असतो. वस्तू वापरायची असते, माणसावर प्रेम करायचे असते. जेव्हा एखादे मूल कुणाच्या वासनेसाठी, कुणाच्या नफ्यासाठी किंवा कुणाच्या सोयीसाठी वापरले जाते, तेव्हा शोषण घडते. प्रभू येशूने बालकाला शिष्यांच्या मधोमध उभे केले (मत्तय १८), ते शोभेसाठी नव्हे. स्वर्गाच्या राज्यात मोठा कोण, हा वाद चालू होता. त्या मोठेपणाचे माप म्हणून प्रभूने त्या बालकाकडे बोट दाखवले. आणि लगेच, अशा लहानग्याला अडखळण ठरणाऱ्याविषयी जात्याच्या तळीचे ते भयंकर शब्द उच्चारले. प्रेमळ प्रभूच्या मुखातील इतके कठोर शब्द फार थोड्या ठिकाणी आढळतात.

सोयीसाठी वापरली जाणारी मुलेही आपल्या नजरेसमोर असतात. दिवाळीनंतर जव्हार-मोखाड्याकडील आदिवासी कुटुंबे वीटभट्ट्यांवर कामाला येतात आणि पावसाच्या तोंडावर परत जातात. त्यांच्या मुलांची शाळा मध्येच तुटते. झारखंडातून दिल्ली-मुंबईसारख्या शहरांत घरकामासाठी मुली आणल्या जातात. त्यांतील कित्येक आपल्याच श्रद्धेच्या असतात. २०१६ साली दुरुस्त झालेल्या बालकामगार कायद्यानुसार १४ वर्षांखालील मुलाला कोणत्याही धंद्यात वा घरकामात नोकरीला ठेवता येत नाही. 'आमच्याकडे पोटभर जेवते तरी' हे उत्तर कायद्यापुढे चालत नाही आणि देवापुढे तर नाहीच. संत जोसेफिन बखिता सुदानमध्ये लहानपणीच पळवली गेली आणि गुलाम म्हणून विकली गेली. त्या धास्तीने ती स्वतःचे नावदेखील विसरली. तिच्या सणाला, ८ फेब्रुवारीला, २०१५ पासून जगभर ख्रिस्तसभा मानवी तस्करीविरुद्ध प्रार्थना करते. स्वतःचे नाव विसरलेली मुले आजही आपल्या आजूबाजूला भांडी घासत आहेत का, हे आपण पाहिले पाहिजे.

आता ख्रिस्तसभेविषयी बोलू. कारण स्वतःच्या अंगणाविषयी गप्प राहून शेजाऱ्याला उपदेश करणे शोभत नाही. अनेक देशांत धर्मगुरूंनी मुलांवर अत्याचार केले आणि काही वरिष्ठांनी ते झाकले, दोषी धर्मगुरूला एका धर्मग्रामातून दुसऱ्या धर्मग्रामात पाठवले, हे २००२ साली बोस्टन येथील प्रकरणांनंतर जगापुढे आले. पोप फ्रान्सिस यांनी २०१४ साली अल्पवयीनांच्या संरक्षणासाठी परमधर्मपीठाचे आयोग नेमले. २०१९ साली 'वोस एस्तिस लुक्स मुंदी' हे आज्ञापत्र काढून अशा तक्रारींची खबर ख्रिस्तसभेच्या अधिकाऱ्यांना देणे धर्मगुरू व व्रतस्थांना बंधनकारक केले. २०२३ साली ते कायम झाले. २०१९च्या डिसेंबरमध्ये अशा खटल्यांवरील 'परमगुप्तता' त्यांनी उठवली. आणखी एक बदल फारसा कुणाच्या लक्षात आला नाही. पूर्वीच्या धर्मसंहितेत धर्मगुरूने केलेला हा गुन्हा त्याच्या विशेष कर्तव्यांच्या भंगात, म्हणजे ब्रह्मचर्यभंगाच्या शेजारी मोडत असे. २०२१च्या सुधारणेत तो मानवी जीवन, प्रतिष्ठा व स्वातंत्र्य यांविरुद्धच्या गुन्ह्यांत घेतला गेला. हा केवळ कलमांचा फेरफार नव्हे. आधी नजर धर्मगुरूच्या व्रताकडे होती, आता ती जखमी मुलाकडे वळली आहे. आपल्या घरांतही नजर अशीच वळायला हवी. 'आपल्या घराण्याचे काय होईल?' याआधी 'या लेकराचे काय होईल?' हा प्रश्न यायला हवा.

आपल्या देशाचा कायदाही याच बाजूने उभा आहे. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू झालेला 'पोक्सो' कायदा १८ वर्षांखालील प्रत्येक मुलाला व मुलीला संरक्षण देतो. असा गुन्हा घडला आहे हे ज्याला कळले, त्याने पोलिसांना कळवलेच पाहिजे. न कळवणे हाच गुन्हा आहे. संस्थाप्रमुखाने आपल्या हाताखालच्या माणसाविषयी लपवले तर त्याला एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. यात शाळेचे मुख्याध्यापक आले आणि आम्ही धर्मगुरूही आलो. सद्हेतूने खबर देणाऱ्याला कायदा संरक्षण देतो. मुलाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याला सोयीच्या ठिकाणी, शक्यतो महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा असतो. न्यायालयात मुलाला आरोपीच्या समोर उभे करायचे नसते. मुलाचे नाव, शाळा, छायाचित्र प्रसिद्ध करण्यास मनाई आहे. म्हणून व्हॉट्सॲपवर अशा बातम्या फिरवू नका, नावे कुजबुजू नका. मूल कोण हे शोधण्याची उत्सुकता हीदेखील त्या मुलावर दुसरी जखम असते. त्याचबरोबर, देवळाच्या पायऱ्यांवर कुणालाही परस्पर दोषी ठरवू नका. खबर देणे आपले काम, निवाडा करणे न्यायालयाचे.

काही भाविक विचारतील, 'फादर, ख्रिस्ताने क्षमा शिकवली ना? मग पोलिसांत कशाला जायचे?' हा प्रश्न प्रामाणिक आहे, म्हणून त्याचे उत्तरही स्पष्ट द्यायला हवे. क्षमा ही जखमी झालेल्याने, त्याच्या वेळेने, देवाच्या कृपेने द्यायची देणगी आहे. काका-मामांनी बैठक घेऊन मुलाच्या वतीने ती वाटायची नसते. रडणाऱ्या मुलाला 'क्षमा कर आणि विसर' असे सांगणे म्हणजे अबशालोमाने तामारला सांगितले तेच पुन्हा सांगणे. प्रायश्चित्त संस्कारातही पश्चात्तापाबरोबर नुकसानभरपाई येते. ज्याला खरा पश्चात्ताप झाला, तो शिक्षेपासून पळत नाही. आणि ज्याला आपण घरातल्या घरात 'क्षमा' करून मोकळे सोडतो, तो उद्या कुणाच्या लेकराकडे वळेल?

तेव्हा आपल्या धर्मग्रामात आपण सर्वांनी पुढील गोष्टी पाळाव्यात अशी आमची कळकळीची विनंती आहे :

१) श्रद्धाशिक्षण वर्ग, वेदीसेवकांची सभा, गायकवृंदाचा सराव, सहल वा शिबिर, कोठेही एकटी मोठी व्यक्ती एकट्या मुलासोबत बंद दाराआड असू नये. हा नियम प्रथम आम्हा धर्मगुरूंना लागू आहे. दार बंद दिसले तर निःसंकोच ठोठवा. त्यात आमचा अपमान नाही.

२) मुलांना शरीराच्या अवयवांची नावे लाजत न शिकवा. नको असलेल्या स्पर्शाला 'नाही' म्हणण्याचा हक्क द्या. पाहुण्यांची पापी घेण्याची सक्ती करू नका. आईबाबांपासून लपवून ठेवायला सांगितलेले कोणतेही गुपित चांगले नसते, हे त्यांना कळू द्या.

३) मुलगा वा मुलगी एकाएकी अबोल झाली, एखाद्या घरी वा शिकवणीला जायला घाबरू लागली, अंथरूण ओले करू लागली, तर रागावू नका. शेजारी बसा. कारण वेगळेही असू शकते, पण विचारल्याशिवाय ते कळणार नाही. कुणाकडून अकारण भेटवस्तू, पैसे, मोबाईल येत असेल तर तेही शांतपणे विचारा. मोबाईलवर ते कुणाशी बोलतात याची माहिती असू द्या.

४) मुलाने काही सांगितले तर आधी म्हणा, 'तू सांगितलेस ते बरे केलेस, तुझी चूक नाही.' उलटतपासणी करू नका. १०९८ हा क्रमांक घरात भिंतीवर लिहून ठेवा. १९९६ साली मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेच्या पुढाकाराने सुरू झालेली ही मुलांची हाक आता सरकार चालवते. मूल स्वतःही त्यावर विनामूल्य फोन करू शकते. वीटभट्टीवरील वा घरकामातील मुलांविषयीही तेथे सांगता येते.

५) अशी गोष्ट आम्हांला सांगायची असेल तर कृपया पापनिवेदनाबाहेर, कार्यालयात वा घरी सांगा. पापनिवेदनाचे गुपित आम्ही प्राण गेला तरी उघडू शकत नाही. बाहेर सांगाल तर आपण मिळून पोलिसांकडे व जिल्ह्याच्या बालकल्याण समितीकडे जाऊ. आरोप आम्हा धर्मगुरूंपैकी कुणावर असला तर आमच्याकडे न येता थेट पोलिसांकडे जा आणि बिशपस्वामींनाही कळवा.

ज्यांना लहानपणी असे काही सोसावे लागले आणि जे आजही मागच्या बाकावर बसून ते मनात वागवत आहेत, त्यांना आम्ही एवढेच सांगू इच्छितो : तो दोष तुमचा नव्हता. तामारला तिच्या वडिलांच्या वाड्यात कुणी न्याय दिला नाही, पण पवित्र शास्त्राने तिचे रडणे पुसून टाकले नाही, जपून ठेवले. देवाने ते ऐकले आहे. तुमचेही ऐकले आहे.

आपल्यापैकी प्रत्येकाला राजकन्येचा अधिकार नसेल. पण मोशेच्या बहिणीकडे तरी काय होते? ना पैसा, ना वशिला, ना वय. ती फक्त उभी राहिली, पाहत राहिली आणि योग्य क्षणी पुढे होऊन बोलली. एवढे तर आपल्याला करता येईल! ह्या रविवारी मिस्सा संपल्यावर देवळाच्या आवारात धावणाऱ्या मुलांकडे पाहा. त्यांतील प्रत्येक पेटी कुणाच्या तरी नजरेखाली आहे ना, एवढे पाहा.

लहानग्यांना कवेत घेणारा प्रभू येशू आपल्या मुलांचे रक्षण करो आणि आपल्याला त्यांचे राखणदार होण्याचे धैर्य देवो. आमेन.

आपले,
धर्मगुरू