समई कोणाची?

दिवाळीच्या दिवसांत समईविरुद्ध कोणी तक्रार करावी, हे वाचकांना विचित्रच वाटेल. पण ही तक्रार मी ऐकली ती एका ख्रिस्ती मंदिरात, आणि तेव्हापासून माझ्या काही लाडक्या मतांची घडी जी विस्कटली आहे ती अजून नीट बसलेली नाही.

नगरकडच्या एका लहानशा गावात आमची मंडळी आहे. काही वर्षांपूर्वी तिथे एक तरुण पाळक आले. वाचणारे, हौशी गृहस्थ. पहिल्याच नाताळात त्यांनी मेणबत्त्यांच्या जागी पितळी समई मांडली. झाले! पंचांच्या सभेत दोन तट पडले. एक म्हणे, आज समई आली, उद्या घंटा येईल, परवा मूर्ती. दुसरा म्हणे, येशू काही विलायतेत जन्मला नव्हता. मी अर्थातच दुसऱ्या तटात. मेणबत्ती परकी, बाके परकी, निम्म्या गीतांच्या चाली परक्या. त्यांच्याकडे कोणी सिद्धांताचा दाखला मागितला नाही, मग तो समईकडेच का मागावा? हा युक्तिवाद मला तेव्हा बिनतोड वाटला, आणि खोटा तो आजही वाटत नाही.

कोपऱ्यात आबा बसले होते. वय ऐंशीच्या पुढचे. तोवर ते गप्प होते. ते पाळकांना म्हणाले, "साहेब, ही समई आमच्या बापानं लांबनं बघितली. जवळ गेला असता तर मार खाल्ला असता. आमी ती तिकडं सोडून आलो, तुमी ती इकडं घेऊन आलात."

सभा तिथेच मोडली.

आबांची हरकत पहिल्या तटाची नव्हती. मूर्तिपूजेची त्यांना धास्ती नव्हती. समई इथलीच आहे हेही त्यांना कबूल होते. फक्त 'इथली' म्हणजे कोणाच्या घरातली, हा प्रश्न आम्ही कोणी विचारला नव्हता.

तो प्रश्न जुना आहे. १६०६ साली रॉबर्टो दी नोबिली हा इटालियन जेझुइट मदुरेला आला. त्याने संन्याशाचा वेष घेतला, मांस सोडले, तमिळ आणि संस्कृत आत्मसात केले, आणि आपल्या ब्राह्मण शिष्यांना जानवे व शेंडी ठेवू दिली. त्याच्या विरुद्धच्या तक्रारी रोमपर्यंत गेल्या. १६२३ साली पोप पंधरावे ग्रेगरी यांनी निकाल दिला तो, काही अटी घालून, त्याच्या बाजूने. त्याचे म्हणणे असे की, जानवे हे कुळाचे चिन्ह आहे, उपासनेचे नव्हे. म्हणून सिद्धांताला बाध येत नाही. पूर्वी हे वाचताना माझी मान डोलत असे. आता ती थांबते. चिन्ह कुळाचे असेल तर ते सांगते तरी काय? मी वरचा, तू खालचा, एवढेच ना? खालच्या मानलेल्या जातींतल्या ख्रिस्ती लोकांपासून दी नोबिली उघडपणे अंतर राखून असे. पुढे त्यांच्यासाठी पंडारस्वामी म्हणून निराळे धर्मगुरू नेमावे लागले. माणूस प्रामाणिक होता, विद्वान होता, अंगावर हालही सोसले त्याने. म्हणूनच त्याची चूक मला जास्त टोचते.

गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात एक प्रसंग आहे. अंत्युखियात पेत्र परराष्ट्रीयांच्या पंगतीला बसत असे. याकोबाकडून माणसे आली तसा तो हळूच मागे सरला. पौलाने त्याला चारचौघांत धारेवर धरले. पेत्राने श्रद्धेचे एकही कलम नाकारले नव्हते. तो फक्त आपल्या लोकांची रीत सांभाळत होता. पौलाला मात्र त्यातच सुवार्तेचा भंग दिसला. आमच्या सभेत सिद्धांतावर दोन तास काथ्याकूट झाला. पंगतीची आठवण एका निरक्षर माणसाने करून दिली.

म्हणून सगळेच पुन्हा विलायती करावे, असे मी म्हणत नाही. १८९५ साली ख्रिस्ती झालेले नारायण वामन टिळक ब्राह्मण घरातले. पण त्यांनी ख्रिस्ताला आमच्याकडे आणला तो अभंगातून, भजनातून. आबांना टिळकांची कितीतरी पदे पाठ आहेत. ती एका ब्राह्मणाने लिहिली, असे मी मुद्दाम सांगितले तेव्हा ते हसले. "असू दे की. म्हणायला आमालाच येतंय!" मला वाटते, फरक इथे आहे. अभंग चोखोबांनीही रचला. देवळाच्या आत पाऊल टाकता आले नाही तरी अभंग त्यांचा होता. समईचे तसे नव्हते.

'नव्हते' असे लिहिले खरे, पण आजचे काय? आबांची नात कॉलेजात शिकते. तिथल्या समारंभात समई पेटवायला तिलाच पुढे करतात. तिला त्या पितळेत कसलाही अपमान दिसत नाही. "आबा, दिवा तो दिवा," असे ती म्हणते, आणि आबा तिच्यापुढे वाद घालत नाहीत. एकाची जखम दुसऱ्याच्या हौसेहून मोठी, हे मला पटते. पण ती हौस त्यांच्या स्वतःच्या नातीची असेल तर? पेत्राची माणसे निदान बाहेरून आली होती.

समई सध्या पाळकसाहेबांच्या कपाटात आहे. नाताळच्या आधी पंचांची सभा भरेल. आबांना आता चालवत नाही. त्यांना गाडीवरून न्यायचे काम माझ्याकडे आहे, आणि या खेपेस त्यांच्या नातीलाही बोलवावे, असे मी पाळकांना कळवले आहे.