चालतंय की!

आमच्या निपाणी-चिकोडी भागात 'चालतंय की' हे शब्द मिठासारखे वापरतात. आमटी पातळ झाली, चालतंय की. दाराची कडी नीट बसत नाही, चालतंय की. या शब्दांत समाधान आहे, तशी चालढकलही आहे. त्यांतलं आपण कोणतं बोलतोय, हे मात्र बोलताना कळत नाही. मला ते एका इंजिनानं दाखवलं.

थोरल्या नणंदेच्या ट्रॅक्टरचं इंजिन ह्यांनी आमच्या पडवीत उघडलं होतं. यजमान गेल्यापासून अक्कांचं घर भाड्याच्या नांगरटीवर चालतं. पेरणी तोंडावर आलेली, गॅरेजात रांग, आणि ह्यांना इंजिनकामाचा नाद. म्हणाले, "घरीच करू."

कॅमशाफ्टचे बुश बदलायचे होते. कॅमशाफ्ट म्हणजे व्हॉल्व्ह उघडायला लावणारा दांडा. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा ह्याचा एक होतो. ब्लॉकच्या भोकांत बांगड्यांसारखे बुश घट्ट बसवतात, त्यांत तो फिरतो. ते बसवायचं खास औजार आमच्याकडे कुठलं? ह्यांनी आट्यांचा लांब रॉड, नट, जाड वायसर जमवले आणि बुशच्या आतल्या मापाचा लाकडी ठोकळा कातून घेतला. नट आवळत गेलं की बुश सरळ आत ओढला जातो. हातोड्यानं ठोकला तर तिरका जातो, खरवडतो. धातू किंचित आकसावा म्हणून बुश रात्रभर माझ्या फ्रीजरमध्ये, वाटाण्यांच्या डब्याशेजारी होते. पुसायला माझं जुनं सुती लुगडं. मी बॅटरी धरून उभी.

प्रत्येक बुशला तेलाचं भोक असतं. ते ब्लॉकमधल्या तेलाच्या भोकासमोर यावं लागतं. नाहीतर तेल पोचत नाही आणि बुश जळतो. शेवटचा बुश निम्मा आत गेला तेव्हा पेन्सिलची खूण सरकलेली मला दिसली. पूर्ण बसल्यावर भोक अष्टमीच्या चंद्रासारखं अर्धंच दिसत होतं.

मी बोलले नाही. दिवस मावळायच्या आत जेवणं आटपायची होती, हे सकाळपासून वाकून दमले होते. आणि खरं सांगू? "तुला काय कळतंय त्यातलं" हे ऐकून घ्यायची माझी तयारी नव्हती. मनात म्हटलं, अर्ध्या भोकातनंही तेल जाईलच, चालतंय की. जेवण झाल्यावर ह्यांनी शाफ्ट आत सरकवला. आता ते भोक कुणालाच दिसणार नव्हतं.

रात्रभर डोळ्यांपुढं अक्कांचं शेत येत होतं. सकाळी सांगितलं. हे चिडले, मग गप्प झाले, मग शाफ्ट बाहेर काढला. भोकात तार घातली, ती अडली. घट्ट बसलेला बुश काढताना खराब झाला. नवा आणायला बेळगाव गाठावं लागलं. दोन दिवस मोडले आणि अक्कांची दोन गिऱ्हाइकं दुसऱ्या ट्रॅक्टरकडे गेली. खूण सरकली तेव्हाच बोलले असते, तर नट सैल करून तोच बुश मागं घेता आला असता.

गावात लोक म्हणाले, घरगुती औजारानं असलं काम करू नये. मला ते पटत नाही. बाकीचे बुश त्याच रॉडनं, त्याच ठोकळ्यानं नीट बसले होते. साधन नसलं तर दुसरं काढावं, आपण बायका स्वयंपाकघरात रोज तेच करतो. पण साधनाला पर्याय काढला की नजर दुप्पट लागते, आणि तिथं मी पर्याय काढला. जे दिसलं ते न दिसल्यासारखं केलं आणि त्याला घरातली शांतता असं नाव दिलं. त्या शांततेची किंमत तिसऱ्याच घरानं भरली.

ह्यांनी अक्कांना सांगितलं होतं, चूक माझी. ते ऐकून मी दोन दिवस सुखात होते. तिसऱ्या दिवशी राहवलं नाही. जाऊन म्हटलं, "अक्का, मला आधीच दिसलं होतं."

अक्का शेंगा फोडत होत्या. हात न थांबवता म्हणाल्या, "मग तवाच बोलायचं होतंस की ग." आणि सूप माझ्याकडं सरकवलं. मी खाली बसले आणि शेंगा फोडायला लागले.